समुद्राकडची खोली

गणपतीपुळ्याची खोली अजून ठरत नाही. एमटीडीसीचं निवास किनाऱ्यालगतच आहे. समुद्राकडच्या आणि मागच्या खोलीचे दर वहीत मांडून पाहिले. फरक आमच्या महिन्याच्या किराण्याएवढा. यंदा सोयाबीनचे पैसेही बेताचेच आले. दिवसभर वाळूतच बसायचं, तर मागची खोली का नको?

पण आईच्या गुडघ्यांना वाळूत चालणं झेपणार नाही. तिनं पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे गंगाखेडची गंगा, आपली गोदावरी, आणि पूर्णेवरचं येलदरी धरण. येलदरीला वाऱ्यात पदर सावरत तिनं विचारलं होतं, "समुद्राला पलीकडचा काठ दिसतच नाही का रे?" परभणीहून रात्रभर रेल्वेनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं रत्नागिरी, पुढं पुन्हा गाडी. एवढा प्रवास तिला परत झेपेल असं वाटत नाही. पुळ्याचा गणपतीही पश्चिमेकडं तोंड करून बसलेला. तो जे रोज बघतो, ते तिला निदान खुर्चीत बसून, चहा घेत, हवं तितका वेळ बघता यावं.

खरेदी नको, जेवण साधं. समुद्राकडचीच खोली घेतो. तळमजल्याची मिळते का, ते उद्या सकाळी फोनवर विचारायचं.