वज्र कुणाचं?

जुन्या ग्रीक नाण्यांचा विषय निघाला की सगळे चांदीच्या नाण्यांबद्दल बोलतात. अथेन्सचं घुबड, सिराक्यूजचा चार घोड्यांचा रथ वगैरे. मला मात्र जास्त आवडतात ती ब्राँझची नाणी. म्हणजे तेव्हाची चिल्लर!

कारण साधं आहे. चांदीचं नाणं वितळवलं तरी बरीचशी किंमत हातात उरते. ब्राँझच्या नाण्याची बाजारातली किंमत सहसा त्यातल्या धातूपेक्षा जास्त असायची. मग दुकानदाराने ते घ्यावं कशाला? तर शहर सांगतंय म्हणून. आणि शहर आपल्या शब्दामागे देवाला उभं करतं. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर नाणं म्हणजे टोकन, आणि देव म्हणजे त्यावरची डिजिटल सही :-)

आता सिसिलीतलं सिराक्यूजच बघा. इ.स.पू. ३४४ च्या सुमारास कॉरिंथहून टिमोलिऑन नावाचा सेनापती तिथे आला आणि त्याने दुसऱ्या डायोनिसियसची हुकूमशाही संपवली. शहर तेव्हा इतकं उजाड झालेलं, की भर चौकात गवत माजलं होतं आणि त्यात घोडे चरायचे, असं प्लुटार्क लिहितो. टिमोलिऑनने काय केलं, तर हुकूमशहांचा किल्ला लोकांच्याच हातून पाडून घेतला आणि त्या जागेवर न्यायालयं बांधली.

याच काळात ब्राँझची नवी नाणी निघाली. एका बाजूला दाढीवाला झ्यूस आणि अक्षरं 'झ्यूस एलेउथेरिओस', म्हणजे मुक्ती देणारा झ्यूस. दुसऱ्या बाजूला त्याचं वज्र, शेजारी छोटासा गरुड, आणि मजकूर 'सिराक्यूजकरांचं'. टिमोलिऑनचं नाव कुठेच नाही! ज्याने शहर सोडवलं त्याचं नाव नाही, हे मला फार भारी वाटतं.

पण हे टिकलं नाही. इ.स.पू. ३१७ च्या सुमारास अगॅथोक्लीजने सत्ता बळकावली. हा मूळचा कुंभाराच्या घरातला, पुढे सैन्यातून वर आलेला. इ.स.पू. ३०४ च्या सुमारास त्याने स्वतःला चक्क राजा म्हणवून घेतलं. त्याच्या ब्राँझच्या नाण्यावर पुढे आर्टेमिस आहे, 'सोतेइरा' म्हणजे रक्षणकर्ती. मागे पुन्हा तेच झ्यूसचं वज्र. फक्त मजकूर बदललाय, 'राजा अगॅथोक्लीजचं'.

म्हणजे जेमतेम चाळीस वर्षांत देवाचं शस्त्र गावाकडून एका माणसाकडे गेलं. तेही गाजावाजा न करता, रोजच्या सुट्ट्या पैशांतून. ज्याच्या आजोबांनी तो किल्ला पाडला असेल, त्याच्याच हातात हे नाणं पडलं असणार. आणि त्याने ते घेतलंही असणार, कारण मासळी तर घ्यायचीच होती.

असो. म्युझियममध्ये ग्रीक ब्राँझ दिसलं तर देवाचा चेहरा बघाच, पण मग कडेची अक्षरंही बघा. बऱ्याचदा ती निम्मी झिजलेली असतात. पण षष्ठी विभक्ती कुणाला लागलीय एवढं कळलं तरी पुष्कळ.