काळोखात वाट दाखवणारा गंध

वाचकहो, वय किंवा गुडघे प्रवासाला साथ देत नसले, तरी आज मनाने आपण हिंदी महासागर ओलांडून मादागास्कर बेटावर जाऊ. त्याच्या पूर्व किनाऱ्यालगत सागरी वाऱ्यांमुळे भरपूर पाऊस पडतो. तेथील दमट अरण्यात वृक्षांच्या खोडांवर ऑर्किडची, म्हणजेच आमरीची, एक विलक्षण जात वाढते. तेथील हिवाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर या काळात, तिला चांदणीच्या आकाराची, मेणासारखी पांढरी फुले येतात. अंधार पडला की त्यांचा सुगंध दरवळू लागतो.

प्रत्येक फुलामागे सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची अरुंद नळी लोंबते आणि मध केवळ तिच्या तळाशी असतो. १८६२ साली हे फूल पाहून, एवढी लांब सोंड असलेला पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे, असे चार्ल्स डार्विनने लिहिले. काही कीटकतज्ज्ञांनी त्याची थट्टा केली. तशा पतंगाची शास्त्रीय नोंद १९०३ मध्ये झाली. तेव्हा डार्विनच्या निधनाला २१ वर्षे उलटली होती.

हा पतंग रात्री उडतो. काळोखात गंध त्याला फुलापर्यंत आणतो आणि जवळ येताच पांढऱ्या पाकळ्या दिसतात. मधासाठी तो डोके फुलात खुपसतो, तेव्हा परागपुंज सोंडेच्या मुळाशी चिकटतात व पुढच्या फुलाला मिळतात.

आपल्यालाही गंध सावध करतो: गॅसची गळती, आंबलेली भाजी, करपलेले दूध. वाढत्या वयात ही शक्ती इतकी हळूहळू क्षीण होते, की ज्याची जाते त्यालाही पुष्कळदा कळत नाही. जेवण बेचव लागते, वरून मीठ घेतले जाते, भूक मंदावते, वजन उतरते. घरच्यांना वाटते, आजींचा स्वभाव चिडका झाला.

म्हणून घरातील ज्येष्ठांना अधूनमधून डोळे मिटून लवंग, लिंबू, कॉफी ओळखायला सांगा. ओळखता आले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जुनाट सर्दी, नाकातील मांसवाढ, एखादे औषध अशी उपाय करण्याजोगी कारणे सापडू शकतात. क्वचित ते पार्किन्सनसारख्या आजाराचे पूर्वचिन्हही असते. स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवा आणि उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहा.

अंगणातली रातराणीही रात्री पतंगांनाच बोलावत असते. तिचा वास आजी-आजोबांपर्यंत पोहोचतो का, हे आज रात्री त्यांना जरूर विचारा.