सहाजणांचं संरक्षण

२००८ सालचा उन्हाळा. मिरजेत दिवसा लोडशेडिंग असायचं, आणि आमच्या घरच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ इंटरनेट फुकट असायचं. या दोन गोष्टींनी माझं सुट्टीचं वेळापत्रक ठरवून टाकलं होतं. मोबाइलचा गजर उशीखाली ठेवून मी दोनला उठायचो, पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू करायचो आणि ‘शॉडी बॅटल’ नावाचा, जावावर चालणारा एक साधासा प्रोग्राम उघडायचो. त्या वेळी लंडनमध्ये रात्रीचे साडेनऊ आणि न्यूयॉर्कमध्ये दुपारचे साडेचार वाजलेले असत. लढायला माणसं हवी तेवढी मिळत. पडद्यावर पोकेमॉनची दोन स्थिर चित्रं, त्यांच्याजवळ उरलेला जीव दाखवणाऱ्या दोन पट्ट्या आणि बाजूला सरकत जाणारा मजकूर. एवढ्यावर माझी पहाट व्हायची.

आमच्या वयाच्या मुलांना पोकेमॉन भेटला तो कार्टून नेटवर्कवर, हिंदी बोलणारा. वेफर्सच्या पाकिटातले टॅझो आम्ही मधल्या सुट्टीत एकमेकांना दिले-घेतले, त्यांच्यावरून भांडलो. मूळ खेळ १९९६ साली जपानमध्ये गेम बॉयवर आला होता. ते यंत्र मात्र आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हतं. त्यामुळे लढत म्हणजे कार्टूनमधला ॲश करतो ती, असाच आमचा समज होता. पिकाचूला ओरडून सांगायचं, वीज कडाडायची आणि समोरचा आडवा व्हायचा.

स्पर्धेतली लढत वेगळी निघाली. दोन्ही बाजूंना सहा-सहा पोकेमॉन, मैदानात एका वेळी एकेक. प्रत्येक फेरीत दोन्ही खेळाडू आपली चाल गुपचूप ठरवतात. वार करायचा, नाहीतर मैदानातला गडी मागे घेऊन दुसरा उतरवायचा. पाणी आगीवर भारी, वीज पाण्यावर भारी, जमिनीला वीज लागत नाही आणि उडणाऱ्याला जमिनीचा हादरा बसत नाही. अशा सतरा प्रकारांचं कोष्टक तेव्हा आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं.

बहुतेक मुलं आक्रमणाचा संघ बांधत. मी पहिल्या महिन्यातच बचावाच्या प्रेमात पडलो. त्याला ‘स्टॉल’ म्हणत, आणि वार झेलून उभं राहणाऱ्या गड्याला ‘वॉल’. ज्या देशात राहुल द्रविडला हेच नाव होतं, तिथल्या मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

या पद्धतीची सर्वांत गाजलेली जोडी स्कारमोरी आणि ब्लिसी. दोघंही १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये आले. स्कारमोरी हा पोलादी पक्षी. अंगावर येऊन केलेले घाव तो पंखांवर घेतो. ब्लिसी गुलाबी, गोल, पोटाशी अंडं बाळगणारी. दुरून सोडलेल्या आगी, विजा आणि लाटा तिच्या अंगात जिरून जातात. शंभराव्या पातळीला पूर्ण तयारीनिशी तिचा जीव ७१४ पर्यंत जातो, आणि तेव्हाच्या ४९३ पोकेमॉनमध्ये एवढा जीव दुसऱ्या कुणाचा नव्हता. अंगावरच्या घावापुढे मात्र तिचा मूळ बचाव अवघा १०. म्हणून ती स्कारमोरीच्या आडोशाला आणि स्कारमोरी तिच्या. कित्येक वर्षं या दोघांवर अख्खे संघ उभे राहिले.

२००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ने हे गणित बदललं. आधी एखादा वार अंगावरचा की दुरून केलेला, हे त्याच्या प्रकारावरून ठरायचं. आता प्रत्येक वाराचं वेगवेगळं ठरू लागलं. इन्फर्नेपसारखा चपळ माकड-योद्धा स्कारमोरीला आगीने जाळायचा आणि ब्लिसीला जवळून ठोसे घालायचा. जोडीतले दोघंही एकाच्याच हातून जायला लागले.

यावर माझा उपाय भाबडा होता. भिंती वाढवायच्या. मी सहाही जागांवर सापडतील तेवढे दणकट गडी भरले आणि रोज हरत राहिलो.

एका पहाटे बाबा पाणी प्यायला उठले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. बाबा शाळेपासून कॉलेजपर्यंत खो-खो खेळलेले. पडद्यावरचं त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून मी सांगत गेलो. हा आग झेलतो, हा पाणी झेलतो, हा कशानेच लवकर पडत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे सहाजण एकमेकांसाठी काय करतात?”

मला उत्तर देता आलं नाही. मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी मला खो-खोतलं संरक्षण समजावलं. तिघांची तुकडी मैदानात उतरते. एकाचा पाठलाग चालू असतो तेव्हा बाकीचे दोघं श्वास भरून घेतात आणि पळणाऱ्याच्या वाटेत येणार नाहीत अशा जागा धरतात. त्यातला सर्वांत चपळ कोण याला फारसं महत्त्व नसतं. तुकडीने मिळून किती वेळ काढला, हेच मोलाचं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही काढली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे समोरून येऊ शकणाऱ्यांची नावं, उजवीकडे त्याला झेलणारा कोण. त्या वहीतून जो संघ निघाला तो आजही झोपेत सांगू शकेन. पहिली दोघं तीच, स्कारमोरी आणि ब्लिसी. इन्फर्नेपसाठी टेंटाक्रूएल हा जेलीफिश, कारण तो पाण्याचाही आणि विषाचाही, त्यामुळे आग आणि ठोसे दोन्ही त्याला अर्धेच लागतात. टेंटाक्रूएलला विजेची भीती, म्हणून हिपोडॉन हा वाळूतला पाणघोडा, ज्याला वीज लागतच नाही. टेंटाक्रूएलला जमिनीच्या हादऱ्याचीही भीती, तिथे स्कारमोरी उडून मोकळा. ब्लिसीवर येणारे ठोसे रोटोम या भुतातून आरपार जातात. सहावा व्हेपोरिऑन. तो ‘विश’ मागून मागे सरायचा, आणि पुढच्या फेरीत जो कुणी मैदानात असेल त्याची जखम भरून निघायची.

नुसतं झेलून जिंकता येत नाही, हेही वहीनेच शिकवलं. समोरच्याचा जीव थेंबाथेंबाने कमी व्हायला हवा. हिपोडॉन मैदानात आला की वाळूचं वादळ उठायचं. ते खडक, जमीन आणि पोलाद सोडून बाकी सगळ्यांचा दर फेरीला सोळावा हिस्सा नेई. माझ्या गड्यांजवळ ‘लेफ्टओव्हर्स’ असत, म्हणजे उरलंसुरलं जेवण, आणि ते दर फेरीला सोळावाच हिस्सा परत देई. जमा-खर्च बरोबर. स्कारमोरी समोरच्या अंगणात काटे पसरून ठेवायचा. तीन थर झाले की उतरणाऱ्या प्रत्येकाचा पाव जीव जाई, उडणारे मात्र त्यातून सुटत. टोकदार दगडांचं तर आणखी कडक. चारिझार्डसारखा आगीचा आणि उडणारा गडी नुसतं मैदानात पाऊल ठेवताच अर्धा व्हायचा. ‘टॉक्सिक’चं विष पहिल्या फेरीला सोळावा हिस्सा घेई, दुसऱ्या फेरीला दोन, तिसऱ्या फेरीला तीन. पाच फेऱ्यांत सोळापैकी पंधरा हिस्से संपत. कुणी घाबरून गडी बदलला की स्कारमोरीने पसरलेले काटे नव्या गड्याची वाट पाहत असत. रोटोमचं दुसरं कामही इथेच होतं. ते काटे भिरभिरून उडवून लावणारी ‘रॅपिड स्पिन’ची चाल भुताला लागत नाही, त्यामुळे ती वाया जायची.

शंभर-दीडशे फेऱ्यांच्या त्या लढती मला अजून आठवतात. समोरचे सहाजण कोण, हे तेव्हा आधी कळत नसे. एकेक नाव उघडायचं आणि मी वहीत त्याच्यापुढे खूण करायचो. चौथं नाव दिसेपर्यंत पाचवा-सहावा कोण असेल याचा अंदाज यायला लागायचा. सकाळी सहाला बाहेर दूधवाल्याची सायकल वाजायची, समोरच्याचा शेवटचा गडी विषाने कोसळायचा, आणि माझ्या सहापैकी पाच जण उभे असायचे. तेवढी शांत खुशी मला फार थोड्या गोष्टींनी दिली आहे.

आता माझा भाचा हा खेळ खेळतो. पुण्यात, लोकलसारख्या भरलेल्या बसमध्ये, फोनवर ‘पोकेमॉन शोडाऊन’ उघडून. त्याला गजर लावावा लागत नाही. लढत सुरू होण्याआधीच समोरचे सहाही चेहरे पडद्यावर दिसतात. ही सोय २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’पासून आली. माझ्या वहीतलं अंदाजाचं अर्धं काम त्या एका पडद्याने संपवलं.

बाकीचं मात्र अवघड होत गेलं. पोकेमॉनची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे आणि २०१३ साली ‘फेअरी’ धरून प्रकार अठरा झाले. त्याच वर्षापासून ‘डीफॉग’ ही चाल दोन्ही अंगणांतले काटे-दगड झाडून काढू लागली. हातातली वस्तू पाडणारी ‘नॉक ऑफ’ तेव्हाच जबर झाली आणि लेफ्टओव्हर्सचा भरवसा गेला. २०१९ मध्ये जाड तळाचे बूट आले. ते घातलेला गडी काट्यांवरून सरळ चालत येतो. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ने तर बचावाच्या मुळावरच हात घातला. ब्लिसी पूर्वी एका लढतीत जास्तीत जास्त सोळा वेळा स्वतःची जखम भरू शकायची, आता आठच वेळा. त्यावर ‘टेरा’. लढतीत एकदा, हव्या त्या फेरीला, समोरचा आपल्या गड्याचा प्रकारच बदलतो. ज्याला झेलायला मी पाण्याचा गडी उतरवला, तो डोळ्यांदेखत गवताचा होऊन उभा राहतो.

भाच्याचा संघ मी एका रविवारी नीट पाहिला. स्कारमोरीच्या जागी कोर्व्हिनाइट, तोही पोलादी आणि उडणारा, पण हा वार करता करता मागे सरतो आणि दुसऱ्याला सुखरूप मैदानात आणतो. एक डोंडोझो नावाचा अवाढव्य मासा. समोरच्याने स्वतःची ताकद कितीही वाढवली तरी तो ती मोजतच नाही. एक स्लोकिंग, ज्याचा मैदान सोडताच एक तृतीयांश जीव आपोआप भरून येतो. आणि गारगानॅकल, मिठाचा चालता डोंगर. त्याचं मीठ जखमेत दर फेरीला झोंबतं, पाण्याच्या आणि पोलादाच्या गड्यांना दुप्पट. माझ्या भिंती जागेवर उभ्या राहायच्या. याचे गडी सतत आत-बाहेर करतात. बाबांनी सांगितलेल्या तुकडीच्या जास्त जवळचा संघ माझ्यापेक्षा त्याचा आहे, हे मला तिथे बसल्या बसल्या जाणवलं.

तो म्हणाला, “मामा, तू एकाला एक उत्तर लिहायचास. आता एकाला दोन लागतात, आणि टेरा झाल्यावरचं तिसरं.” त्याच्या फोनमधल्या यादीत खरोखरच तीन रकाने होते.

तेव्हाची सगळीच लढत चांगली होती असं मी म्हणणार नाही. आम्ही ज्याला बचाव म्हणत होतो त्याचा एकच साचा होता, आणि समोरच्याचा संघ त्यात बसला नाही की आम्ही हतबल व्हायचो. त्या साच्याबाहेरचा बचाव जगाने २०१४ साली वॉशिंग्टनमध्ये पाहिला. अधिकृत जागतिक स्पर्धा जोडीने लढली जाते, सहांतले चार निवडून, घड्याळ लावून. तिथे स्टॉलला जागाच नसते. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने त्या स्पर्धेत पाचिरिसू नावाची, कुणीही गांभीर्याने न घेतलेली खार उतरवली. समोरचे वार ती स्वतःकडे ओढून घ्यायची. शेजारच्या ग्याराडोसला विजेचं मोठं भय, आणि वीज अंगात घेऊन हिचा जीव उलट भरून यायचा. पार्क जगज्जेता झाला. पाचिरिसू आली होती ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्येच. माझ्या वहीच्या काळात ती हाताशी होती, पण मी तिचं नाव एकाही पानावर लिहिलं नव्हतं, कारण मी तेव्हा गड्याची ताकद पाहत होतो आणि शेजाऱ्याला त्याचा उपयोग काय हे उशिरा शिकलो.

हरवलं ते काय, याचं उत्तरही मला द्यायला हवं. दीडशे फेऱ्या एकमेकांसमोर काढल्यावर समोरच्या अनोळखी माणसाचा स्वभाव कळायचा. तो कधी घाई करतो, कुठल्या गड्यावर त्याचा जीव आहे, हरताना सोडून जातो की शेवटपर्यंत थांबतो. आठ वेळाच जखम भरता येते म्हटल्यावर लढती आटोपशीर झाल्या, आणि ती ओळख होण्याआधीच संपू लागल्या. भाच्याच्या वाट्याला ती पहाट येणार नाही. त्याच्या वाट्याला आलेला खेळ मात्र माझ्यापेक्षा कठीण आहे, आणि तो त्यात टिकून आहे.

बाबांचा प्रश्न दोन्ही काळांत पुरून उरला. म्हणून बचावाचा संघ बांधायला बसाल तेव्हा सहा बळकट नावं गोळा करू नका. आधी एकच नाव लिहा. त्याच्यापुढे त्याला कोण पाडतं ते लिहा. जो पाडतो त्याला झेलणारा दुसरा आणा, मग त्या दुसऱ्याला कोण पाडतं ते पाहा. असं करत सहाव्यापर्यंत जा. सहावा गडी पहिल्याच्या मदतीला येतो असं दिसलं, की संघ बांधून झाला.