पान उलटून बघा

2019 चा ऑक्टोबर निफाड तालुक्यातला द्राक्षवाला विसरणार नाही. पाऊस थांबेचना. आमची बाग गोडी छाटणी होऊन फुलोऱ्याच्या तोंडावर होती. डावणी, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू हा रोग, घडात शिरते ती नेमकी याच वेळी.

सगळे पानावर तेलकट पिवळे डाग शोधत होते. आमचे अण्णा मात्र भल्या पहाटे बॅटरी घेऊन बागेत जायचे आणि पानं उलटून बघायचे. खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली की म्हणायचे, "आजची फवारणी टाळून चालायची नाही."

त्यांचं बरोबर होतं. डावणीचे बीजाणू रात्रीच तयार होतात. त्याला सलग काही तास अंधार आणि दमट, कोंदट हवा लागते. वाऱ्याने ते दुसऱ्या पानावर पडतात. पान ओलं असेल तर फुटतात, आणि आतून निघालेले शेपटीवाले सूक्ष्म बीजाणू पाण्याच्या थरात पोहत पर्णरंध्र गाठतात. द्राक्षाच्या पानाला ही रंध्रं खालच्याच बाजूला असतात. पुढे डाग दिसायला साधारण 5 ते 7 दिवस जातात. म्हणजे आज दिसलेला डाग गेल्या आठवड्यातल्या ओल्या रात्रीचा असतो!

भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगाचं तसं नाही. तिला पान भिजायची गरज नसते, कोरड्या ढगाळ हवेतही ती वाढते. खरं तर डावणी शास्त्राच्या हिशेबाने खरी बुरशीच नाही, म्हणून भुरीवरची कितीतरी औषधं तिच्यावर चालत नाहीत. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मात्र 1885 पासून तिच्याविरुद्ध वापरात आहे. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भिववायला ते शिंपडत, आणि त्याच वेलींची पानं टिकून राहिलेली वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या नजरेत भरली.

त्या वर्षी पाऊस उघडला की रात्री-अपरात्री आम्ही ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून, औषध न घालता, नुसत्या हवेने पानांवरचं पाणी झाडायचो. तरीही सखल भागातल्या ओळींचे घड तपकिरी पडून गळाले. तिथे दाटी होती आणि वारा फिरत नव्हता. उंचावरचा माल बराचसा हाती आला.

बागायतदार मित्रांनो, छाटणीचा पालापाचोळा बागेत ठेवू नका, जादा फुटी वेळेवर काढा. आणि पावसाळी हवेत सकाळी डाग शोधण्याआधी पान उलटून बघा.