न दिसणारा पाहुणा

हल्लींच्या लग्नांत नवरदेवापेक्षां फोटोग्राफरच अधिक डोळ्यांत भरतो. वधूवरांच्या भोंवतीं त्याच्या माणसांचें कडें, वर दिव्यांचे खांब, आणि मंगळसूत्राचा विधि आटोपूं लागला कीं गुरुजींना हुकूम सुटतो, "जरा थांबा, पुन्हां एकदां!" मंत्राची पुनरावृत्ति करतां येते, पण लाजण्याची कशी करावयाची? वधू दुसऱ्यांदा लाजते ती केवळ कॅमेऱ्याकरितां.

माझ्या मुलीचें लग्न ठरलें तेव्हां तिनें एकच अट घातली : "बाबा, फोटो हवेत, फोटोग्राफर नको." प्रथम मला हा विनोद वाटला. मग लक्षांत आलें कीं या कलेंतली ही तर थोर साधना आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार आपल्या लहानशा लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनें झांकून टाकी. असलेल्या उजेडाचा मान राखावा म्हणून तो फ्लॅशच्या वाटेस जात नसे. १९४८ च्या जानेवारी-फेब्रुवारींत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचीं आणि अंत्ययात्रेचीं जीं चित्रें त्यानें घेतलीं, त्यांत शोक दिसतो. छायाचित्रकार दिसत नाहीं.

आमच्याकडे तीन-चार फोटोग्राफर येऊन गेले. प्रत्येकाजवळ निवडक चित्रांचा जाडजूड आल्बम होता. वीस लग्नांतले वीस उत्तम फोटो कुणालाही दाखवितां येतील, म्हणून मीं म्हटलें, "एकाच लग्नाचे सगळे दाखवा." एका तरुणानें तेवढे दाखविले. त्यांत पाठमोरीं माणसें होतीं, मिटलेले डोळे होते. पण चष्मा काढून हळूच डोळे पुसणारी आजी होती, आणि हातांत पेढा धरून खुर्चींतच झोंपीं गेलेला मुलगाही होता. दर सांगण्यापूर्वीं त्यानें विचारलें, "सर, आजी कुठें बसणार? मामा कोणते? अंतरपाट दूर होतांना तुम्ही कुठें उभे असाल?"

त्याच्या प्रश्नांनींच माझी खात्री पटली. शेवटच्या 'सावधान'बरोबर अंतरपाट दूर होतो आणि दोघांची दृष्टादृष्ट होते, ती डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच संपते. हें ज्याला ठाऊक असतें तो आधींच आपल्या जागीं उभा असतो. ज्याला ठाऊक नसतें तो मागाहून लोकांना ढकलीत धांवतो. फोटोग्राफरची धांदल ही बहुधा अज्ञानाची कन्या असते.

आदल्या दिवशीं तो कॅमेऱ्याशिवायच घरीं आला, स्वयंपाकघरांत चहा घेऊन गेला. लग्नाच्या दिवशीं पाहुण्यांनीं त्याला आमच्याच नात्यांतला समजून पंगतीला बसविलें. मानापमानाची बाब असलेले गट-फोटो मात्र त्यानें सर्वांना रांगेत उभें करून अर्ध्या तासांत उरकले. काका-आत्यांना त्यांच्या जागा मिळाल्या.

पाठवणीच्या वेळीं मुलीनें माझ्या खांद्यावर मान टाकली. पलीकडे तो उभा होता, आणि त्याचा कॅमेरा खालीं होता. तो क्षण आल्बमांत नाहीं. "मग एवढे पैसे कशाचे दिले?" ही आमच्या सौभाग्यवतींची तक्रार अजून चालू आहे. मला वाटतें, त्यांतले थोडे त्या न घेतलेल्या फोटोचेही असावेत.