सही करण्याची पात्रता

शेततळे

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. शेततळ्याचे हे माप महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पाठ आहे. त्यात पाणी किती मावेल, असे विचारले की घाईत उत्तर येते, २,७०० घनमीटर. पण तळ्याच्या बाजू उभ्या नसतात. उभ्या ठेवल्या तर पावसात ढासळतात. उतार १:१ धरला की तळ २४ बाय २४ मीटर उरतो आणि साठा भरतो २,१९६ घनमीटर. फरक ५०४ घनमीटरचा, म्हणजे पाच लाख लिटरचा. एक एकराला पाच सेंटिमीटरची पाळी द्यायला साधारण दोन लाख लिटर लागतात. म्हणजे हिशेबातल्या एवढ्या चुकीत अडीच एकरांची एक पाळी बुडाली.

पुढचे प्रश्न याहून अवघड. या तळ्यात पाणी कुठल्या क्षेत्रातून येणार? तेवढा अपधाव खरोखर मिळतो का? गाळ अडवायला खड्डा कुठे? सांडवा किती रुंद? काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर दिवसाला ७,२०० लिटर नुसते हवेत जाते. एवढे सगळे बघून जो आराखड्याखाली सही करू शकतो, तो कृषी अभियंता. पदवीची माझी व्याख्या एवढीच आहे. पुढची टिपणे तिच्याच आधाराने लिहिली आहेत.

आधी कार्यशाळा

भारतात कृषी अभियांत्रिकीचा पहिला पदवी अभ्यासक्रम अलाहाबादच्या कृषी संस्थेत १९४२ साली सुरू झाला. तो उभा करणारे मेसन वॉ हे अमेरिकन अभियंता त्याच्या वीसेक वर्षे आधीपासून तिथे बैलांच्या अवजारांवर काम करत होते. 'शाबाश' आणि 'वाह-वाह' या नावांचे सुधारित नांगर तिथून निघाले. आधी कार्यशाळा, आधी शेतकऱ्याच्या बैलांची ताकद आणि लोहाराच्या भट्टीची मर्यादा, पदवी त्यानंतर. हा क्रम आज उलटला आहे. नव्या कॉलेजांना मान्यता आधी मिळते आणि लेथ मशीन पुढच्या अंदाजपत्रकात येते.

दोन अधिक एक

आमच्याकडे विषयाचे वजन, म्हणजे क्रेडिट, २+१ असे लिहितात. दोन तास व्याख्यान, एक प्रात्यक्षिक. एका सत्रात असे सात-आठ विषय. मृदा यांत्रिकी, द्रायूगतिकी, सर्वेक्षण, ट्रॅक्टरची इंजिने, उष्णतेचे संक्रमण, पीकशास्त्र, फळबाग, विस्तार शिक्षण, संगणक. प्रत्येकाची ओळख होते, मैत्री कुणाशीच होत नाही.

'+१' हा आकडा कागदावर फार भारदस्त दिसतो. तीस मुलांची तुकडी, एक डम्पी लेव्हल. दोघे बघतात, एक लिहितो, उरलेले जर्नल उतरवतात. प्रात्यक्षिकाच्या तासांचा दर्जा मोजायचा असेल तर एकच प्रश्न विचारावा: या मुलाच्या एकट्याच्या हातात उपकरण किती वेळ होते?

विषय कमी करा. अर्धे विषय चार-पाच क्रेडिटचे करा आणि त्यांत शेतावरचे काम बांधून घाला. नवे काही आणायचे तर जुने काय काढणार, हे त्याच बैठकीत लिहून द्यायचा नियम हवा. अभ्यासक्रम सुधारणा म्हणजे दर वेळी भर टाकणे, ही सवय मोडल्याशिवाय चार वर्षांत खोली येणार नाही.

पेरणीयंत्र

अभ्यासक्रमात कॅलिब्रेशनचे एक प्रात्यक्षिक असते. यंत्र जॅकवर उचलायचे, चाकावर खडूने खूण करायची, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधायची. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात १.८८ मीटर अंतर कापले जाते. ५० फेरे म्हणजे ९४ मीटर. पाच दाती यंत्र, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी सव्वादोन मीटर. पेरलेले क्षेत्र २१२ चौरस मीटर. सोयाबीन हेक्टरी ७५ किलो पेरायचे असेल तर पाच पिशव्यांत मिळून सुमारे १ किलो ५९० ग्रॅम बी पडायला हवे, प्रत्येकीत ३१८ ग्रॅमच्या आसपास.

प्रात्यक्षिक इथे संपते आणि खरे काम इथून सुरू होते. शेतात चाक घसरते. वापसा नीट नसेल तर जास्त घसरते. चाक घसरले की बी कमी पडते. एका नळीतून २७० ग्रॅम आणि दुसरीतून ३६० ग्रॅम येत असेल तर बेरीज जुळते, ओळी मात्र विरळ-दाट उगवतात. बियाण्याचा आकार बदलला की सगळे पुन्हा. हे काळ्या रानात, मुरमाड रानात आणि ओल्या रानात प्रत्येकी एकदा तरी मुलाने स्वतः करावे, बी मोजावे आणि आठ दिवसांनी जाऊन ओळीतली रोपे मोजावीत. कॅलिब्रेशनचे गुण त्या रोपांवर द्यावेत.

बांध आणि माती

समपातळी बांध हलक्या, पाणी मुरणाऱ्या जमिनीत चांगले चालतात. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो, ते बांधाच्या वर साचते, पीक पिवळे पडते आणि बांध फुटतो. तिथे ढाळीचा बांध हवा, जो जादा पाणी हळूहळू सुरक्षित जागी नेऊन सोडतो. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनाला स्वातंत्र्याच्या आधीपासूनची परंपरा आहे. तरीही माती न बघता एकाच साच्याचे बांध घालण्याचे काम राज्यात पुष्कळ झाले.

म्हणून देशभर एकच अभ्यासक्रम ही कल्पना मला अर्धीच पटते. गणित, यांत्रिकी, जलविज्ञान सगळीकडे सारखे असावे. त्यावरचा मजला त्या त्या मुलखाचा असावा. अकोल्याच्या विद्यार्थ्याला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आणि निचरा मुखोद्गत हवा. दापोलीच्या विद्यार्थ्याला जांभ्याचे उतार, धो धो पाऊस, काजूची प्रक्रिया. राहुरीच्या विद्यार्थ्याला उसाचे ठिबक आणि कांदाचाळीतली हवा कशी खेळते ते. परभणीच्या विद्यार्थ्याला कोरडवाहू सोयाबीन आणि रुंद वरंबा सरी. चारही कृषी विद्यापीठांचे आवार वेगवेगळ्या मातीवर उभे आहे. त्यांच्या प्रश्नपत्रिकांतही ते दिसायला हवे.

दर्जा कोण ठरवतो

राज्यघटनेत शेती आणि शेतीचे शिक्षण राज्यांच्या यादीत आहे. देशपातळीवर अभ्यासक्रम सुचवते ती भारतीय कृषी संशोधन परिषद. ती १९२९ ची नोंदणीकृत संस्था आहे, कायद्याने बनवलेली नियामक परिषद नव्हे. पशुवैद्यकाला १९८४ च्या कायद्याने स्वतःची परिषद मिळाली, नोंदणी मिळाली. कृषी अभियंत्याला तशी कुठलीच नोंदणी नाही. १९६५ पासून अधिष्ठातांच्या सहा समित्या झाल्या. त्यांच्या शिफारशी गंभीरपणे लिहिलेल्या असतात. पण त्या पाळून घ्यायला कृषी संशोधन परिषदेच्या हातात मुख्यतः अधिस्वीकृती आणि अनुदान एवढीच साधने आहेत.

कायद्याने बांधलेली, सर्व विद्यापीठांना लागू असणारी किमान पात्रता हवी. किती मुलांमागे किती शिक्षक, किती एकर प्रक्षेत्र, कोणती यंत्रे चालू स्थितीत, हे त्यात असावे. आणि पदवीनंतर अभियंत्याची नोंदणी असावी. सहीला वजन असेल तरच चुकीच्या सहीचा जाब विचारता येतो.

मधेच बाहेर पडण्याची वाट

सहाव्या अधिष्ठाता समितीचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून आला. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्याआधी दहा आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. घरची अडचण आलेल्या मुलाला रिकाम्या हाताने जावे लागू नये, हा विचार चांगला आहे आणि तो टिकावा.

पण पहिल्या वर्षाला प्रमाणपत्राचा अर्थ द्यायचा तर त्या वर्षात एक कसब पूर्ण यायला हवे. ठिबक संच बसवणे आणि त्याचा दाब तपासणे, ट्रॅक्टरची देखभाल, फवारणीच्या नोझलची निवड. यांतले एक तरी असे शिकवा की गावात त्यावर पोट भरेल. दहा आठवडे एखाद्या दुकानात पावत्या फाडण्यात जाणार असतील तर त्या कागदाला बाजारात किंमत राहणार नाही.

हात

मळणीयंत्रात हात गेलेली माणसे खेड्यांत दिसतात. देशाने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा केला तो मुख्यतः मळणीयंत्रांसाठी. पेंढ्या आत सरकवायच्या सुरक्षित घमेल्याचे भारतीय मानक सांगते: लांबी किमान ९०० मिलिमीटर, त्यातला ४५० मिलिमीटर भाग झाकलेला. कारण साधे आहे, पेंढी ढकलताना हात ड्रमपर्यंत पोचता कामा नये. कृषी अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तालुक्यातल्या पाच मळणीयंत्रांवर टेप लावून ही दोन मापे घ्यावीत आणि अहवाल यंत्रमालकाला मराठीत समजावून सांगावा. सुरक्षितता हा शेवटच्या सत्रातला ऐच्छिक विषय असू नये.

कुणाच्या मापाचे यंत्र

खुरपणी, कापूस वेचणी, भाताची लावणी ही कामे प्रामुख्याने बाया करतात. कोळप्याच्या दांड्याची उंची, पंपाचे वजन, मुठीची जाडी मात्र बहुधा पुरुषाच्या अंगमापाने ठरते. शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या अंगमापांचे संकलन देशात झालेले आहे; भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत या विषयावर अनेक वर्षे काम चालू आहे. आराखड्याच्या प्रत्येक प्रकल्पात एक रकाना सक्तीचा करावा: हे यंत्र कोण चालवणार, आणि तिला विचारले का?

ताशी खर्च

२०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर निघाले. एवढ्या रानाला स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही, म्हणून यंत्र भाड्याने. मग अभियंत्याला हिशेब आलाच पाहिजे. घसारा, व्याज, विमा, निवारा मिळून वर्षाला दीड लाख रुपये धरू. ट्रॅक्टर वर्षात १,००० तास चालला तर ताशी १५० रुपये, ३०० तास चालला तर ताशी ५०० रुपये. डिझेल, वंगण, दुरुस्ती आणि चालकाची मजुरी याहून वेगळी. अवजारे बँका चालतात किंवा बंद पडतात त्या या तासांवर. हा हिशेब प्रत्येक मुलाने गावातल्या एका खऱ्या ट्रॅक्टरच्या वहीवरून करावा.

ड्रोन, सेन्सर, उपग्रहाचे नकाशे जरूर शिकवा. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न ठेवा: वर्षाकाठी किती एकर मिळाले तर हे यंत्र स्वतःचा खर्च भागवेल?

नोकरी

२०२३ च्या सुरुवातीला राज्यातल्या कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेतल्या बदलांविरुद्ध आंदोलन केले. त्यांच्या विषयाला परीक्षेत पूर्वीचे स्थान उरले नव्हते. मध्य प्रदेशात कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र संचालनालय आहे, तमिळनाडूत स्वतंत्र खाते आहे. महाराष्ट्र शेततळी, ठिबक, अवजारे आणि गोदामे यांवर एवढा पैसा खर्च करतो. ती कामे तपासायला या पदवीची माणसे नेमणे हा त्या पैशाचाच विमा आहे. मुलांची मागणी रास्त होती.

तिला जोडून दुसरी अर्धी गोष्टही आपणच बोलली पाहिजे. स्वतंत्र खाते मागणाऱ्या विद्याशाखेने आपल्या पदवीधराला काय येते याची हमी जाहीरपणे द्यायला हवी.

शिक्षक

रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर माणसे नेमून अभियंते घडत नाहीत. तासाच्या पैशांत कुणी मुलांना घेऊन दिवसभर नाल्यात उभे राहणार नाही. त्याने तरी का राहावे? जागा भरणे ही अभ्यासक्रम सुधारणेची पहिली पायरी आहे. बाकीच्या सगळ्या तिच्यानंतर.

बारावीनंतर या शाखेकडे वळणाऱ्यांना

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी कॉलेज बघून या. इमारत बघू नका, यंत्रशाळा बघा. तिथला ट्रॅक्टर सुरू करून दाखवा म्हणा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, सर्वेक्षण एकट्याने केले का, पेरणीयंत्र स्वतः लावले का, एखाद्या शेतकऱ्याचे काम शेवटपर्यंत नेले का. किती प्राध्यापक कायम आहेत ते विचारा. उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल या. महाराष्ट्राच्या शेतीला तुमची गरज आहे. नसतील तर ती उत्तरे लिहून अधिष्ठातांना आणि राज्याच्या पुण्यातल्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेला पाठवा.