नवतप्याचा आणि पावसाचा काय संबंध?

संपादकांनी दोन अटी घातल्या. समीकरण नको, आणि नवतप्यावर लिहा. पहिली जमेल तशी पाळतो. दुसरीबद्दल मात्र आभार, कारण आमच्या बऱ्हाणपुरात मेअखेरीस हाच विषय माझं डोकं खातो. सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस सणकून तापलं पाहिजे, तरच पाऊसपाणी चांगलं. मध्येच एखादी सर आली की ‘नवतपा गळाला’, आता वर्षाचं काही खरं नाही! पानवाला हे सांगतो, टीव्हीवाला सांगतो, आणि ज्याने उभी हयात ढगांच्या अभ्यासात घालवली त्या मला तर हटकून सांगतात.

नुसत्या तापण्याने पाऊस पडत असता, तर बऱ्हाणपूर मे महिन्यातच तापीत वाहून गेलं असतं. मेमध्ये इथे पारा ४२ च्या पुढे असतो आणि आभाळ कोरडं ठाक. जुलैत तो तिशीच्या आसपास उतरतो आणि झड लागते.

तरी माझ्या नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकात जुनीच आकृती आहे: जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा, म्हणून समुद्रावरचा वारा जमिनीकडे धावतो. मान्सून म्हणजे एक अवाढव्य खारा वारा. ही कल्पना एडमंड हॅलीची, १६८६ सालची. भारतीय हवामान खात्यात काम केलेल्या जॉर्ज सिम्प्सन यांनी १९२१ मध्येच तिच्यातली भोकं दाखवली होती. पुढे १९८० मध्ये डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहाची रोजची चित्रं तपासली. त्यांना दिसलं की आपल्या डोक्यावरचा मान्सूनचा ढगांचा पट्टा हा विषुववृत्ताजवळच्या समुद्रांवर असतो त्याच जातीचा आहे. उन्हाळा सरता सरता तो उत्तरेला सरकून जमिनीवर येतो. मोसमात दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने विषुववृत्ताजवळ नवा पट्टा उठतो आणि उत्तरेकडे चढत येतो. खाऱ्या वाऱ्याचा सिद्धान्त खरा मानला, तर ज्या वर्षी जमीन जास्त तापते त्या वर्षी पाऊस जास्त पडायला हवा. घडतं उलट. दुष्काळाच्या पावसाळ्यात जमीन जास्त तापलेली असते, कारण ढगच नसतात. तापमानाचा काहीच हात नाही असं मी म्हणत नाही. पण त्याच्या जोडीला हवेत ओल हवी आणि वारे एकत्र येऊन ती हवा वर उचलली जायला हवी. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या गाडगीळबाई हे आयुष्यभर सांगत राहिल्या. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या. आकृती आहे तिथेच आहे.

ओलीला इतकं महत्त्व का? दमट हवा वर गेली की निवते, वाफेचं पाणी होतं आणि वाफेतली उष्णता हवेला मिळते. त्या उबेवर हवा आणखी चढते, थेट १५-१६ किलोमीटरपर्यंत. यालाच आम्ही खोल अभिसरण म्हणतो. एक चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० टन पाणी. ते वाफेतून सुटताना जवळपास ७ लाख युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते. हवेतल्या या इंधनाला आम्ही ‘केप’ म्हणतो. किलोला २५०० ज्यूल असले, तर त्याची दुप्पट करून वर्गमूळ काढायचं (हे समीकरण नव्हे, अंकगणित आहे): वर जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ७० मीटर येतो. प्रत्यक्षात सहसा त्याच्या निम्माही मिळत नाही, कारण बाजूची कोरडी हवा ढगात घुसते. किती घुसते, हे आमचं जुनं दुखणं. त्या एका आकड्यापायी कितीतरी मॉडेलं फसतात, आणि मग शिव्या आम्ही खातो.

समुद्राचंही ऐका. गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८४ मध्ये दाखवलं की समुद्राचा पृष्ठभाग साधारण २८ अंशांखाली असेल तर त्यावर असे उंच ढग क्वचितच उभे राहतात. वर असेल तर उभे राहू शकतात, हमी नाही. पाण्याच्या पोटातही अभिसरण होतं, पण सगळं उलटं चालतं. तिथे वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि बुडतं. फ्रान्सच्या दक्षिणेला लिऑनच्या आखातात हिवाळी वाऱ्यांनी ते २००० मीटरहून खोल जातं. आपल्या अरबी समुद्राच्या उत्तर भागात मजल जेमतेम शंभरेक मीटरची, पण तेवढ्यानेही खालचं खत वर येतं आणि प्लवक फोफावतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी हे १९९६ मध्ये मांडलं.

आता घरचं, आमच्या केळीचं. मृगात लावलेल्या बागेची केळी कापणीला येते ती नेमकी मे-जूनमध्ये, वादळांच्या तोंडावर. एका संध्याकाळच्या वादळानंतर शहापूरकडच्या एका बागेत गेलो होतो. काही खोडं कमरेतून मोडलेली, काही बुडासकट उपटलेली, ठिबकच्या नळ्या त्यांच्याबरोबर वर आलेल्या, हिरवे घड चिखलात नव्हे तर धुळीत. मालक म्हणाला, “काका, पाणी चार थेंब आलं, मग बाग कशी आडवी झाली?”

पाणी चार थेंब आलं म्हणूनच. मे महिन्यात ढगाचा तळ तीन किलोमीटर उंच असतो, आषाढात किलोमीटरच्याही खाली. मेमधला पाऊस त्या कोरड्या उंचीतून पडताना वाटेतच आटतो, आटताना हवा गार करतो, आणि ती जड हवा खाली कोसळून ताटात पाणी ओतावं तशी चहूबाजूंना पसरते. पेपरात दुसऱ्या दिवशी ‘चक्रीवादळ’ छापून आलं. पण त्या बागेत खोडं गोल फिरून पडली नव्हती. एका जागेपासून पंख्यासारखी बाहेर पडली होती. तेत्सुया फुजिता यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात अशाच पडझडीच्या नकाशांवरून या खाली कोसळणाऱ्या वाऱ्याची ओळख पटवली.

भोपाळच्या रडारचा किरण बऱ्हाणपूरवर येईतो कित्येक किलोमीटर उंच गेलेला असतो. खालचा वारा त्याला दिसत नाही. म्हणून केळीवाल्या भावांना आणि पंचनाम्याला येणाऱ्या पटवारीसाहेबांना एक विनंती: पडलेली खोडं उचलण्याआधी फोनचं होकायंत्र उघडा, कोणत्या ओळीतली खोडं कुठल्या दिशेला पडली ते वेळेसकट लिहून ठेवा, आणि बागेच्या चारही कोपऱ्यांतून फोटो काढा.